लघवीची वही

इंदूरच्या तुकोजीराव क्लॉथ मार्केटात एका कापडवाल्या शेठजींच्या पेढीवर मी एकतीस वर्षं हिशेब लिहिला. लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, दिवाळीला नवी वही. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. तर सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा वही काढावी लागली आणि तीही लघवीची. सुदामा नगरातल्या आमच्या बागेत सकाळी बाकावर बसणारी मंडळी मला अजून मुनीमजी म्हणतात. त्यांतले चौघे गेल्या दोन वर्षांत मला एकेकटे बाजूला घेऊन विचारून गेले, "मुनीमजी, ते पीएसए-बिएसए काय असतं हो?" पीएसए म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी. चौघांनाही वेगवेगळं सांगण्यात माझा वेळ गेला, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही. गोळ्या सुरू किंवा बंद करणं माझ्या वाचनावरून करू नका. डॉक्टरांपुढे कोरी पाटी घेऊन जायचं नाही, एवढ्यापुरतं माझं ऐका.

आधी ही प्रोस्टेट ग्रंथी बसलीय कुठे

मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे, अक्रोडाएवढी. तरुणपणी साधारण २० ग्रॅम. वीर्यातला काही द्रव तिथे तयार होतो. लघवीची नळी हिच्या मधोमधून जाते आणि सगळी भानगड तिथेच आहे.

रात्री सराफ्यात स्कूटर घालून पाहिलीय का? दोन्ही बाजूंची खाण्याची दुकानं जसजशी पुढे सरकतात तसतशी गल्ली अरुंद होते, आणि शेवटी स्कूटर ढकलतच न्यावी लागते. वयानुसार प्रोस्टेट वाढते ती अशी: नळीलगतचा आतला भाग फुगतो आणि नळीला दाबतो. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं, रात्री चारदा उठावं लागतं. ही साधी वाढ. हा कॅन्सर नव्हे आणि हिचा पुढे कॅन्सरही होत नाही. पन्नाशीतल्या जवळजवळ निम्म्या पुरुषांत ती थोडीफार सापडते.

कॅन्सर मात्र बहुतेक वेळा गल्लीत उगवत नाही, तो मागच्या वाड्यांत उगवतो. ग्रंथीच्या बाहेरच्या भागात. तिथून नळी लांब, त्यामुळे सुरुवातीला रहदारी अडत नाही, म्हणजे त्रासही होत नाही. "मला काही होत नाही, धार चांगली आहे, मग तपासणी कशाला" हे वाक्य आमच्या बाकावर रोज ऐकू येतं. त्याचं उत्तर या मागच्या वाड्यात आहे. आणि उलटही खरं: धार बारीक झाली म्हणून लगेच कॅन्सरच, असंही नाही.

वही कशी मांडायची

तीन दिवस पुरतात. सियागंजातून दूध मोजायचा प्लॅस्टिकचा मग आणा, मिलीलिटरच्या रेघा असलेला. चार रकाने पाडा: वेळ, काय आणि किती प्यायलो, किती लघवी झाली, शेरा. शेऱ्यात घाई झाली का, कपड्यात थेंब गळला का, धार मध्येच तुटली का ते लिहायचं. झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ ठळक करा.

मी आणलेला मग बाथरूमच्या खिडकीत ठेवला होता. आमच्या हिला तो स्वयंपाकघरातला वाटला, तिनं धुऊन त्यात ताक घुसळायला घेतलं. थांबवताना मला सगळं सांगावंच लागलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात या विषयावर आम्ही पहिल्यांदा बोललो ते ओट्यापाशी उभे राहून. मगावर आता लाल रंगाची रेघ आहे.

वहीनं काय कळतं ते सांगतो. माझ्या नोंदी अशा होत्या: रात्री ११.४० ला १३०, १.१५ ला ११०, ३.०५ ला १४०, ४.५० ला १२०. थोडी थोडी, पण वारंवार. म्हणजे मूत्राशय नीट रिकामं होत नाही किंवा नीट भरतच नाही. बाकावरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी माझं पाहून वही केली. त्यांचेही चार फेरे, पण प्रत्येक वेळी ३५०, ४००. त्यांना मी म्हटलं, ही गल्ली अरुंद नाही, ही टाकीच भरून वाहतेय. रक्तातली साखर तपासली तर ती तीनशेच्या वर. दिवसभराच्या एकूण लघवीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग रात्रीच होत असेल तर दोष प्रोस्टेटच्या माथी मारू नका. पायांवरची सूज, हृदय, घोरणं, रात्री नवाचा चहा, हेही पाहावं लागतं.

सोबत डॉक्टर एक प्रश्नावली देतात, सात प्रश्नांची, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. एकूण ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून पुढे तीव्र. माझे १७. आठवा प्रश्न वेगळा असतो: उरलेलं सगळं आयुष्य लघवीची हीच स्थिती राहिली तर कसं वाटेल? या प्रश्नापाशी मी बराच वेळ पेन धरून बसलो होतो.

अण्णांची कंबर

माझे थोरले बंधू अण्णा ग्वाल्हेरला लष्करात राहायचे. लष्कर म्हणजे तिथला भाग, फौज नव्हे. दोन वर्षं त्यांची कंबर दुखत होती. तेल झालं, पट्टा झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. "वय झालं" हे निदान घरातल्या घरातच झालं होतं. दुखणं रात्री झोपल्यावर वाढायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटी पीएसए केली तेव्हा साडेचारशे, जिथे जुनी सीमारेषा चारची. कॅन्सर मणक्यात पोचला होता.

त्यांना हार्मोनची इंजेक्शनं दिली, दर तीन महिन्यांनी. पुरुषी हार्मोन हे या कॅन्सरचं खतपाणी. ते तोडलं की तो आक्रसतो. चार्ल्स हगिन्स यांनी हे १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वृषण काढायचा पर्यायही होता, स्वस्त आणि एकदाच. अण्णा म्हणाले, "बैल करताय का माझा?" मग इंजेक्शनच. अंगातून वाफा निघायच्या, हाडं ठिसूळ झाली, पण अण्णा चार वर्षं राहिले आणि त्यांतली तीन बरी गेली.

दोन गोष्टी यातून घ्या. वडील किंवा सख्खा भाऊ यांना हा आजार झाला असेल तर तुमचा धोका दुपटीच्या आसपास जातो. आईकडच्या नात्यात स्तन किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर तेही सांगा, कारण बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष दोन्हीकडे काम करतो. अशा घरातल्या पुरुषानं पन्नाशीची वाट न पाहता पंचेचाळिशीच्या आतबाहेर डॉक्टरांशी बोलावं. दुसरं, ज्याला हा कॅन्सर आहे त्याचे पाय अचानक लुळे पडू लागले, कंबरेखाली मुंग्या आल्या, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात. मणका दाबला गेलेला असतो आणि काही तासांचा फरक पडतो.

पीएसएचा आकडा वाचण्यापूर्वी

पीएसए हे प्रोस्टेटनं तयार केलेलं प्रथिन, वीर्य पातळ ठेवण्यासाठी. थोडं रक्तात झिरपतं, तेच मोजतात. जुनी सीमारेषा ४. चार ते दहामध्ये असेल तर साधारण चारांतल्या एकाला कॅन्सर निघतो. दहाच्या वर गेला तर शक्यता निम्म्याहून जास्त. म्हणजे आकडा चार ते दहामध्ये गेला तरी बहुतेकांना कॅन्सर नसतो, आणि चारच्या आत असूनही काहींना असतो. हा आकडा प्रोस्टेटचा आहे, कॅन्सरचा नाही. ग्रंथी मोठी झाली, तिला संसर्ग झाला, लघवीला नळी घातली, तरी तो चढतो.

म्हणून तयारी. आदले दोन दिवस सायकल नाही आणि पत्नीसहवासही नाही. लघवीत जळजळ किंवा ताप असेल तर तो बरा होऊन सहा आठवडे जाऊ द्या. दर वेळी एकच लॅब धरा. वाढलेल्या एका आकड्यावर घाबरून काही करू नका. काही आठवड्यांनी पुन्हा मोजा.

आता माझी चूक. खरं तर माझी एकट्याची नाही. धार बारीक झाली तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात मला गोळी लिहून दिली. त्या एकाच गोळीत दोन औषधं, टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड. गुण आला. तीच चिठ्ठी दाखवून मी औषधवाल्याकडून तीन वर्षं गोळी घेत राहिलो. पीएसए ना कुणी सांगितली, ना मी विचारली. पुढे मुलानं पुण्याहून आरोग्य तपासणीचं पॅकेज घेऊन दिलं, त्यात पीएसए आली ३.१. बाजूला छापलेलं: सामान्य. मी अहवाल घडी घालून कपाटात ठेवला.

पुढे अण्णांचा विषय निघाला म्हणून मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी अहवाल पाहिला, मग विचारलं, "दादा, कौन-कौन सी गोली चल रही है?" मी पिशवीतून पाकीट काढलं. त्यांनी ते उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्या ३.१ वर पेनानं काट मारून शेजारी लिहिलं ६.२.

ड्युटास्टेराइड आणि त्याची बहीण फिनास्टेराइड सहा महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. आजार निम्मा होत नाही, आकडा निम्मा होतो. तो दुप्पट करूनच वाचायचा असतो. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खात्यातला कमी दाखवलेला माल पकडला आणि स्वतःच्या खात्यात फसलो. तरुणांनाही सांगतो, केस गळतात म्हणून जी फिनास्टेराइड घेतात तिचाही हाच गुण आहे. वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या गोळ्यांची नावं लिहा, मागची बारीक अक्षरं पाहून लिहा.

मग ती बोटाची तपासणी. याला घाबरून माणसं वर्षानुवर्षं टाळतात. कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी, तीस सेकंद. छप्पन दुकानवर पाणीपुरीची पहिली पुरी हातात यायलाही याहून जास्त वेळ लागतो. ग्रंथी मऊ आहे की कुठे खड्यासारखी टणक, हे डॉक्टरांना बोटानं कळतं.

बायोप्सी आणि ते सहा मार्क

सहा आठवड्यांनी पीएसए पुन्हा ३.३, म्हणजे ६.६. एमआरआय झाला. त्यात संशयाला एक ते पाच अंक देतात, माझा चार. ग्रंथीचं आकारमान ५८ घनसेंटिमीटर. डॉक्टरांनी तिथल्या तिथे भागाकार केला, ६.६ भागिले ५८, म्हणजे ०.११. हा भागाकार ०.१५ च्या खाली असला तर काळजी थोडी कमी. पण चार अंकामुळे बायोप्सी टळली नाही.

बायोप्सीत सुईनं बारीक तुकडे काढतात, नेहमीचे बारा आणि संशयाच्या जागेचे वेगळे. जागा बधिर करतात. स्टेपलर दाबल्यासारखा आवाज येतो, त्या आवाजानंच माणूस दचकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायलाच हवं. नंतर काही दिवस लघवीत रक्त दिसतं, वीर्यात काही आठवडे तपकिरी रंग दिसतो. ते चालतं. थंडी वाजून ताप आला तर चालत नाही, लगेच परत जायचं.

अहवालात लिहिलं होतं: ग्लीसन ३+३=६. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, दहापैकी सहा?" डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती विस्कटलेल्या दिसतात त्यावर अंक, आणि सर्वांत जास्त दिसणाऱ्या दोन प्रकारांची बेरीज. आता बायोप्सीत सहाच्या खाली जवळजवळ लिहीतच नाहीत, म्हणजे सहा हा सर्वांत सौम्य. यावरून इतका गोंधळ होतो की हल्ली शेजारी एक ते पाच अशी गटवारीही छापतात. सहा म्हणजे गट एक. सातमध्ये बेरजेचा क्रम पाहा. ३+४ म्हणजे गट दोन, ४+३ म्हणजे गट तीन. बेरीज एकच, पण खातं वेगळं. आठ ते दहा असेल तर वेळ घालवायचा नाही. आणि किती तुकड्यांत सापडला तेही विचारा. माझ्या चौदांपैकी दोनांत.

"काढून टाका बाबा"

मुलगा, सून, साडू, सगळ्यांचं एकच म्हणणं: काढून टाका. शस्त्रक्रिया आहे, किरणोपचार आहेत, दोन्ही चांगले. पण दोन्हींनंतर ताठरता जाऊ शकते, शस्त्रक्रियेनंतर लघवी गळू शकते, किरणांनंतर आतड्याचा त्रास होऊ शकतो. सौम्य गटात तिसरा मार्ग असतो: उपचार लगेच न करता डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवणं. मला आधी ती टाळाटाळ वाटली. मग डॉक्टरांनी ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचं सांगितलं. १,६४३ पुरुष, तीन गट, एकाला शस्त्रक्रिया, एकाला किरण, एकावर लक्ष. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब छापला: या कॅन्सरनं गेले ते एकूण ४५, आणि तिन्ही गटांत प्रमाण जवळपास सारखं, शंभरात तीनच्या आसपास. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण जास्त होतं आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी पुढे कधीतरी उपचार घेतलाच, हेही त्याच अहवालात आहे. लपवत नाही. मुलाला मी हे दोन्ही आकडे पाठवले. दोन दिवस त्याचा फोन नव्हता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ठीक आहे, पण तारखा चुकवायच्या नाहीत."

ऐंशी वर्षांच्या पुढचे, दुसऱ्याच कारणानं गेलेले पुरुष तपासले तर निम्म्याहून अधिकांत हा कॅन्सर बारीकसा सापडतो. तो घेऊनच ते जगलेले असतात. म्हणून सत्तरीनंतर, काही लक्षण नसताना, सरसकट पीएसए करत सुटणं बहुतेक तज्ज्ञांना मान्य नाही. पॅकेजात आहे म्हणून करायची, हे तर मलाही पटत नाही. पंचावन्न ते एकोणसत्तरमध्ये फायदा-तोटा डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

खर्चाचंही डोक्यात असू द्या. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मानचं कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. गरज पडण्याआधी काढून ठेवा; भरती झाल्यावर आधारची झेरॉक्स शोधत फिरण्यात अर्थ नाही.

बाकावर न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी

ताठरता कमी झाली की पुरुष एकतर गप्प बसतो किंवा बसस्टँडजवळच्या भिंतीवरची जाहिरात वाचतो. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांहून बारीक असतात, म्हणून चरबीचा गाळ आधी तिथे जाणवतो. हृदयाचा त्रास काही वर्षांनी येणार असल्याची ही सूचना असू शकते. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. आणि छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची गोळी ज्याच्याकडे आहे त्यानं ताठरतेसाठीची ती निळी गोळी घ्यायची नाही. दोन्ही मिळून रक्तदाब एकदम खाली आणतात.

सर्दीच्या गोळ्या! हा अनुभव पोस्टमास्तरांच्या मेहुण्यांचा. लग्नाच्या गडबडीत सर्दीची गोळी घेतली आणि रात्री लघवी पूर्ण तुंबली, पोट नगाऱ्यासारखं. प्रोस्टेट वाढलेल्याला नाक मोकळं करणारी औषधं ही अशी अडवतात. तुंबली तर घरगुती उपाय नाही, नळी घालावीच लागते. टॅमसुलोसिन घेणाऱ्यानं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्याच्या डॉक्टरांना सांगावं, कारण त्यामुळे बुबुळाचा पडदा ढिला पडतो. आधी माहीत असलं तर ते सांभाळून घेतात. आणि रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, नाहीतर चक्कर.

टोमॅटो, भोपळ्याच्या बिया, सगळं बाकावर चालतं. खा, आपलं काही बिघडत नाही. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल मात्र मी बंद केल्या. पस्तीस हजार पुरुषांवरच्या अमेरिकन अभ्यासात ती घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १७ टक्के जास्त निघाला.

डॉक्टरांकडे आता आमची ही सोबत येते. पहिल्यांदा बाहेर बसली होती, दुसऱ्यांदा आत आली आणि मी विसरलेला प्रश्न तिनंच विचारला: "इन्हें पानी कब से बंद करना है, रात को?" झोपेच्या दोन-तीन तास आधी. माझे फेरे चारांवरून दोनांवर आले.

पुढची पीएसए येत्या शुक्रवारी. म्हणून बुधवार-गुरुवार सायकल नाही. अन्नपूर्णेच्या देवळात पायीच जाईन.